उंडेऱ्याचा हिशेब

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या एका सभागृहात ‘कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी की सोडावी’ या विषयावर चर्चा ठेवली होती. हॉल भरून मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. बडोद्यातल्या मराठी कार्यक्रमांना एरवी एवढी गर्दी नाटकालाच होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक गृहस्थ उठले. “बारा वर्षं रोज रात्री गोळी घेतोय. मला काही झालं नाही.” टाळ्या पडल्या. मागच्याच रांगेतले दुसरे उठले. “मी तीन वर्षांपूर्वी बंद केली. पोटऱ्या दुखायच्या थांबल्या. मला काही झालं नाही.” त्यांनाही टाळ्या पडल्या, थोड्या जास्तच. एकच वाक्य दोन उलट निष्कर्षांचा पुरावा म्हणून पाच मिनिटांत दोनदा वापरलं गेलं आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. व्यासपीठावरच्या डॉक्टरांना नाही, त्यांच्या शेजारी बसलेल्या निसर्गोपचारवाल्यांनाही नाही. पुढचा तासभर दोन्ही बाजूंनी असेच अनुभव एकमेकांवर फेकले गेले.

मी डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात झाली, आणि त्या नात्याने माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यांना एकदा हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्यांना स्टेंट बसला आहे, त्यांनी स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, स्वतःच्या मनाने सोडणं घातक आहे. ज्यांना यातलं काहीच झालेलं नाही त्यांनी, रिपोर्टात एका आकड्यापुढे चांदणी छापून आली एवढ्यावरून, ती जन्मभर घ्यावी हेही मला पटत नाही. तिथे ज्याचा त्याचा हिशेब मांडावा लागतो. आणि हा हिशेब मांडताना स्वतःचा, शेजाऱ्याचा किंवा फोनवर आलेल्या व्हिडिओतल्या माणसाचा अनुभव काही कामाचा नाही.

अनुभवाला कमी लेखायचं म्हणून मी हे म्हणत नाही. डोकं दुखतं, गोळी घेतो, अर्ध्या तासात उतार पडतो. तिथे अनुभवाइतका चांगला साक्षीदार नाही. पण स्टॅटिनचा सारा फायदा न घडलेल्या गोष्टीत आहे. न आलेला अटॅक कुणाला जाणवत नाही. पोटरीत आलेला गोळा मात्र जाणवतो, मध्यरात्री उठवतो. ज्या औषधाचा त्रास जाणवतो आणि गुण कधीच जाणवत नाही, त्याचा न्याय अनुभवावर सोपवला तर निकाल आधीच ठरलेला असतो.

हे समजून घ्यायला बडोदेकरांना फार लांब जावं लागत नाही, गोरव्याच्या पलीकडे उंडेऱ्यापर्यंत गेलं तरी पुरे. आज ते शहराला चिकटलेलं आहे. १८९८ साली ते बडोद्यापासून सहा मैलांवरचं वेगळं गाव होतं आणि तिथे प्लेग शिरला होता. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी आदल्या वर्षी जानेवारीत मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. उंडेऱ्यात त्यांनी एक साधा प्रयोग केला. प्रत्येक कुटुंबातली साधारण निम्मी माणसं टोचायची, निम्मी नाही. म्हणजे घर तेच, विहीर तीच, उंदीरही तेच, फरक फक्त लसीचा. पुढच्या काही आठवड्यांत २८ कुटुंबांत प्लेग आला. त्या कुटुंबांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ दगावले.

वर्गात मी हे आकडे फळ्यावर लिहायचो आणि मुलांना विचारायचो, की या गावात दुसऱ्या दिवशी पारावर बसून ‘लस घ्यावी का’ अशी चर्चा केली असती तर काय झालं असतं? न टोचलेल्यांपैकी ३७ जण साधे आजारीसुद्धा पडले नव्हते. त्यातला प्रत्येक जण शपथेवर म्हणाला असता, मी टोचून घेतलं नाही, मला काही झालं नाही. टोचून घेऊनही ज्या तिघांचे प्राण गेले, त्यांच्या घरी काय बोललं जात असेल? सुई टोचली आणि माणूस गेला. यात खोटं कुणीच बोलत नाही. आणि टोचल्यामुळे जे वाचले ते कोण, हे देवालाच माहीत; त्यांना स्वतःला ते कधीच कळलं नाही, म्हणून त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला पारावर कुणी आलंच नसतं. ७१ पैकी ३ आणि ६४ पैकी २६ हे सत्य गावातल्या एकाही माणसाच्या अनुभवात नव्हतं, फक्त मोजणीत होतं. दांडिया बाजारातल्या त्या हॉलमध्ये मला सारखा तो पार आठवत होता.

आता स्टॅटिनची मोजणी. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकार आधीच असलेले ४,४४४ रुग्ण, आहाराचा सल्ला सगळ्यांना सारखाच, निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधी गटात २५६ मृत्यू झाले, औषधाच्या गटात १८२. हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले आणि दुसऱ्या कारणांचे वाढले नाहीत. तीस जणांनी साडेपाच वर्षं गोळी घेतली तर एकाचा जीव वाचतो, असा हा हिशेब आहे. स्टेंट बसलेल्या माणसाने गोळी सोडण्याआधी हा आकडा नीट पाहावा असं मला कळकळीने वाटतं.

निरोगी माणसांचं चित्र मात्र इतकं ठळक नाही, आणि विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे. १९९५ ची स्कॉटलंडमधली चाचणी घ्या. पूर्वी अटॅक न आलेले, पण कोलेस्टेरॉल चांगलंच चढलेले ४५ ते ६४ वयाचे ६,५९५ पुरुष. पाच वर्षांत बिनऔषधी गटात शंभरातल्या सुमारे आठांना अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, प्रावास्टॅटिन घेणाऱ्यांत साडेपाचांना. जाहिरातीत हे ‘धोका ३१ टक्क्यांनी कमी’ असं येतं. हिशेबात ते शंभरातले अडीच भरतात. म्हणजे चाळीसेक पुरुषांनी पाच वर्षं रोज गोळी घेतली तेव्हा एकाचा अटॅक टळला. बाकीच्यांना त्या पाच वर्षांत तिचा काही उपयोग झाला नाही. एकूण मृत्यूंमधला फरकही काठावरचा होता. रुग्णाला ३१ टक्के सांगायचे आणि अडीच सांगायचे नाहीत, ही अर्धसत्य सांगण्याची सवय आहे. त्यावर रागावणाऱ्यांच्या बाजूने मी उभा आहे.

पण त्या रागातून ‘गोळी निरुपयोगी आहे’ हा निष्कर्ष निघत नाही. धमन्यांत साचणारा थर पाच वर्षांपुरता नसतो. स्कॉटलंडमधल्या त्याच पुरुषांचा वीस वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा सुरुवातीला गोळी मिळालेल्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू तरीही कमीच होते, मूळ चाचणी संपून पंधरा वर्षं लोटली असतानाही. आणि गोळीला पूर्ण बाजूला ठेवूनही निसर्गाने हा प्रयोग करून दाखवला आहे. काही माणसांत जन्मतःच पीसीएसके-९ नावाचं जनुक कमजोर असतं आणि त्यांचं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आयुष्यभर खाली राहतं. २००६ मध्ये अमेरिकेतून आलेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीयांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्के कमी. या माणसांनी कुठल्याही कंपनीची गोळी घेतली नव्हती.

कंपन्यांचा विषय निघालाच आहे. ‘हे सगळं औषध कंपन्यांनी रचलेलं आहे’ हे वाक्य त्या संध्याकाळी किमान सहा वेळा कानावर आलं. त्यात तथ्य आहेच. बहुतेक मोठ्या चाचण्यांचा पैसा उत्पादकांनी दिला. चाचण्यांमधली रुग्णनिहाय माहिती ऑक्सफर्डच्या एका गटाकडे एकत्र आहे आणि बाहेरच्या संशोधकांना ती मोकळेपणाने मिळत नाही. हे मला शास्त्राच्या रीतीला धरून वाटत नाही आणि बदललं पाहिजे. पण ज्या ॲटोर्व्हास्टॅटिन नावाच्या स्टॅटिनवर एके काळी अब्जावधी डॉलर मिळवले गेले, तिचं अमेरिकेतलं पेटंट २०११ मध्येच संपलं. आपल्याकडे तर ती कितीतरी कंपन्या बनवतात आणि जेनेरिकच्या दुकानात ती अगदी स्वस्त मिळते. तिच्या नावाने भीती पसरवून त्याऐवजी महागडी चूर्णं विकणाऱ्यांच्या नफ्याबद्दल कुणी प्रश्न का विचारत नाही? ‘रसायन नको, नैसर्गिक हवं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की पहिली स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये, हजारो बुरश्या तपासल्यावर, एका बुरशीतच सापडली. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळात जो गुणकारी पदार्थ असतो, तोच १९८७ साली लोव्हास्टॅटिन नावाने औषध म्हणून मंजूर झाला होता. फरक इतकाच की गोळीत तो किती आहे हे मोजलेलं असतं.

आता पोटऱ्या. हा मुद्दा मी झटकणार नाही, कारण दुखणं खरं असतं. प्रश्न ते कशामुळे दुखतं एवढाच आहे. लंडनमध्ये २०२० साली एक सुंदर प्रयोग पुरा झाला. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, दर महिन्याला एक. चारांत ॲटोर्व्हास्टॅटिन, चारांत बिनऔषधी गोळ्या, चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी आठ गुण आले. स्टॅटिनच्या महिन्यांत सोळाच्या थोडे वर. म्हणजे त्रास दुपटीने वाढला, रुग्ण खोटं बोलत नव्हते. पण बिनऔषधी गोळीच्या महिन्यांतही पंधराच्या वर गुण आले होते! त्रासाचा जवळजवळ सगळा भाग गोळी घेतोय या जाणिवेतून आणि तिच्याबद्दलच्या धास्तीतून उपजला होता. स्वतःचे हे आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केलं. ‘सोडली आणि थांबलं’ हा सभागृहातला पुरावा किती निसरडा आहे, हे याहून स्पष्ट दाखवणारं मी काही वाचलेलं नाही.

तरीही खरा अपाय असतो. थोड्या लोकांच्या स्नायूंना औषधच बाधतं. क्वचित, फार क्वचित, स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. काही अँटिबायोटिक्ससोबत हा धोका वाढतो. २००१ च्या ऑगस्टमध्ये सेरिव्हास्टॅटिन नावाची गोळी बाजारातून काढून घ्यावी लागली, कारण तिच्याशी जोडलेले ५२ मृत्यू नोंदले गेले होते. विरोधक हे उदाहरण देतात आणि द्यायलाच हवं. मला त्यावर हाफकिन यांचंच पुढचं आयुष्य आठवतं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणिसाही जण एकाच बाटलीतली लस घेतलेले. दोष बाटली उघडताना झालेल्या अस्वच्छतेचा होता, तो हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ उजाडलं. एकोणीस मृत्यू लपवायचे नव्हतेच. पण त्या एकोणिसांकडे बोट दाखवून उंडेऱ्याची मोजणी खोटी ठरते का? एक बाटली नासली म्हणून लस नासकी ठरत नाही आणि एक स्टॅटिन घातक निघाली म्हणून सगळ्या ठरत नाहीत. शिवाय ती घातक आहे हे कळलं तेही मोजणीनेच.

मधुमेहाचा मुद्दा मला स्नायूंपेक्षा अधिक गंभीर वाटतो आणि आपल्या लोकांसाठी तर फारच. तेरा चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. स्टॅटिन घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचा धोका ९ टक्क्यांनी जास्त. म्हणजे २५५ जणांनी चार वर्षं घेतली तर एक जादा रुग्ण. ज्याला आधीच अटॅक येऊन गेला आहे त्याच्यासाठी हा सौदा परवडणारा आहे, कारण तेवढ्या लोकांत टळणारे अटॅक आणि मृत्यू कितीतरी जास्त आहेत. पण साखर काठावर आहे, हृदयाचा धोका कमी आहे, वय पन्नाशीच्या आत आहे, अशा बाईला हा आकडा न सांगता चिठ्ठी लिहून द्यायची हे मी मान्य करणार नाही. तसंच पंचाहत्तरीच्या पुढे पोचलेल्या, हृदयविकार नसलेल्या माणसाला गोळी नव्याने सुरू करावी का, याबाबतचा पुरावा विरळ आहे. धोका मोजायची जी सूत्रं डॉक्टर वापरतात, त्यांतली बरीचशी युरोप-अमेरिकेतल्या माणसांवर बेतलेली आहेत. त्यामुळे आपला हिशेब जरा अंदाजाचाच राहतो, आणि तो बहुधा आपल्या बाजूने चुकत नाही. बावन्न देशांच्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचं दिसलं, इतरांना सुमारे ५९ व्या. आम्ही शाकाहारी, आम्हाला कसलं कोलेस्टेरॉल, असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी सांगत असतो की वनस्पतींत कोलेस्टेरॉल नसतंच, ते आपलं यकृत बनवतं. आणि फरसाण ज्या वनस्पती तुपात तळलं जातं ते शाकाहारीच असतं.

इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो आणि ती कशासाठी सांगत नाही हेही सांगतो. आमचे भावोजी, थोरल्या ताईचे यजमान, सलाटवाड्यात राहतात. त्यांना स्टेंट बसलेला होता. कुणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ पाहून त्यांनी गोळी बंद केली, ताईलाही सांगितलं नाही. आठ महिन्यांनी पहाटे दुसरा अटॅक आला. वाचले. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मला त्या व्हिडिओवाल्याचा इतका संताप आला होता की आजही आठवला की हात थरथरतात. तरीही हा मी पुरावा म्हणून मांडणार नाही. गोळी चालू असती तरी अटॅक आला असता का? येऊ शकला असता. एकट्या भावोजींवरून काही सिद्ध होत नाही, जसं बारा वर्षं काही न झालेल्या त्या गृहस्थांवरून होत नाही. माझ्या बाजूची गोष्ट आहे म्हणून तिला वेगळा न्याय लावता येणार नाही. मोठा समूह पाहिला तर मात्र चित्र दिसतं. ब्रिटनमध्ये २०१३-१४ साली स्टॅटिनच्या दुष्परिणामांवर फार गाजावाजा झाला. पाचातल्या एकाला त्रास होतो, असा दावा एका प्रतिष्ठित नियतकालिकात आला आणि पुढे मागेही घेतला गेला. तोवर सहा महिन्यांत दोन लाखांवर लोकांनी गोळी सोडली असावी, असा अंदाज नंतर निघाला. मागे घेतलेला दावा त्यांच्यापैकी कितींपर्यंत पोचला असेल?

माणसं अशी का पळतात, याचा दोष मी एकट्या व्हिडिओंना देत नाही. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या कमिटीने सोजिरांकरवी घरं झडतली, माणसं उचलून छावण्यांत नेली. रोग खरा होता, रुग्ण वेगळे ठेवणं शास्त्राला धरूनच होतं. पण कुणी कुणाला काही समजावलं नाही, विचारलं नाही, देवघरात बूट घालून शिरले; आणि लोक रोगापेक्षा उपायालाच जास्त भ्यायले. २२ जूनला काय झालं ते मराठी घरात सांगावं लागत नाही. आजच्या डॉक्टरांची रँडशी तुलना करण्याचा अन्याय मी करणार नाही. त्यांच्या दाराशी चाळीस माणसं बसलेली असतात हे मी पाहतो. पण ‘कोलेस्टेरॉल वाढलंय, ही गोळी, आयुष्यभर’ एवढ्या तीन तुकड्यांत आयुष्यभराचा निर्णय उरकला, तर तो आयुष्यभर टिकेल कसा? कारण न कळलेली गोळी पहिल्या पोटरीच्या गोळ्याला सुटते. ज्याला सांगितलं गेलं की तुमच्यासारख्या शंभरांत इतक्यांना अटॅक येईल, गोळीने इतक्यांना, तो माणूस घेईल किंवा घेणार नाही, पण व्हिडिओ पाहून पळणार नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. डॉक्टरांकडे ती नसतील तर आपण मागून घ्यावीत.

माझ्या बायकोने ती दोन मिनिटं मागितली. वय ५८, एलडीएल १३८, बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही, घराण्यात कमी वयात कुणाला अटॅक नाही. डॉक्टर आधी जरा चकित झाले, मग चिठ्ठीच्या मागे त्यांनी लिहिलं : दहा वर्षांत शंभरातल्या साधारण पाच, गोळीने चार. आठवडाभर विचार करून तिने तूर्तास नको म्हटलं, आणि वर्षाने पुन्हा तपासायचं ठरलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. भावोजींनी पुन्हा सुरू केली तो निर्णयही मला तितकाच योग्य वाटतो, आणि यात काही विसंगती आहे असं त्या सभागृहातल्या कुणाला वाटलं तर मी पुन्हा उंडेऱ्याचे आकडे काढेन.

परवा भाऊबीजेला ताईकडे जेवलो. पानं उचलल्यावर ताईने भावोजींच्या तळहातावर गोळी ठेवली. ती तोंडात टाकता टाकता त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, “वहिनी, तुमची?”

“मी नाही घेत, भावोजी. माझे शंभरात पाच आहेत, गोळीने चार. तुमचे किती?”

भावोजी थांबले. स्टेंट, दुसरा अटॅक, इतक्या वर्षांची फाइल, आणि हा आकडा त्यांना कुणी सांगितला नव्हता, त्यांनीही विचारला नव्हता. गोळी त्यांनी पाण्याबरोबर गिळली आणि ताईला म्हणाले, “मंगळवारची अपॉइंटमेंट आहे ना? चिठ्ठीवर लिहून ठेव, विचारायचंय.”